सहा पायऱ्या आणि एक कानटोपी

मला याद्या करायची सवय आहे. फ्रीजवर एक, पर्समध्ये एक, आणि या दोन्ही कुठे ठेवल्या ते कळावं म्हणून मोबाइलमध्ये एक. नवरा म्हणतो, "तू वर गेलीस की चित्रगुप्ताला उठवशील. म्हणशील, सरका, मी लिहिते." मी त्याला उत्तर देत नाही, कारण त्या वेळी मी बहुधा काहीतरी खोडत असते. झालेल्या कामावर रेघ मारण्यात जे सुख आहे, ते मला ते काम करताना कधी मिळालेलं नाही. यादीत नसलेलं एखादं काम हातून झालंच, तर मी ते आधी लिहिते आणि मग खोडते.

अशा बाईच्या हाती शिक्षणशास्त्राने सहा पायऱ्या दिल्या, ही त्या शास्त्राची चूक.

मी अमरावतीत माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते आणि सुट्ट्यांमध्ये शिक्षकांच्या प्रशिक्षणात तज्ज्ञ म्हणून बोलावली जाते. माझा विषय ठरलेला आहे: विचारांच्या पायऱ्या. खालून वर जायचं. स्मरण, आकलन, उपयोजन, विश्लेषण, मूल्यमापन, आणि सगळ्यांत वर निर्मिती. आठवणं ही तळाची पायरी, नवं काही घडवणं ही माथ्याची. बाकीचे तज्ज्ञ फळ्यावर जिना काढतात. मी काढते आणि शिवाय बोलता बोलता व्यासपीठावर एकेक पाऊल उचलून चढूनही दाखवते. धारणीच्या एका प्रशिक्षणात अशीच चढत चढत व्यासपीठाच्या टोकाला गेले आणि खाली आले. पहिल्या रांगेतल्या गुरुजींनी उचललं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत "मॅडम निर्मितीवरून पडल्या" ही बातमी खिचडी शिजवणाऱ्या बायकांपर्यंत गेली होती. तरीही समारोपाला मी माझं ठेवणीतलं वाक्य म्हटलंच: "पहिली पायरी पक्की नसेल, तर वरच्या पायऱ्यांच्या गप्पा मारू नका." टाळ्या पडल्या. मी लंगडत खुर्चीकडे गेले.

हेच वाक्य पुढे मी माझ्या आईला लावलं.

आई अकोल्यात राहते. वडील गेल्यापासून एकटीच. जुन्या गल्लीत तळमजल्यावरच्या दोन खोल्या, पुढे फरशी घातलेलं हातभर अंगण, अंगणात कढीपत्ता आणि कुंडीत गवती चहा. भिंतीपलीकडे शेजारच्या वहिनींचं स्वयंपाकघर, त्याची खिडकी आमच्या अंगणात उघडते. आईचं माहेर भाजी-फुलं पिकवून विकणाऱ्यांचं. त्यामुळे वांगं हातात घेतल्याबरोबर ते कोणत्या पाण्यावर वाढलं इथपर्यंत ती बोलते, आणि भाजीवाला ऐकून घेतो.

दोनेक वर्षांपासून आई विसरायला लागली. आधी नावं गेली, मग वार गेले, मग काल काय झालं ते जायला लागलं. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे, गोळ्या चालू ठेवा, लक्ष ठेवा. आम्ही लांबूनच लक्ष ठेवत होतो. होळीनंतर एके दिवशी तिने गॅसवर दूध ठेवलं आणि शेजारी जाऊन बसली. पातेलं कोळसा झालं, ओट्यामागची भिंत काळी पडली. वहिनींना वास आला म्हणून निभावलं.

त्याच संध्याकाळी पुण्याहून धाकट्या भावाचा फोन आला.

"ताई, आता नाही चालायचं. उद्या घर पेटलं तर? मी आईला इकडे आणतो."

"ती येणार नाही."

"तिला विचारायचंच कशाला? सांगायचं." मग तो म्हणाला, "तू शिक्षणातली ना? सुट्टीत जा आणि नीट तपासून सांग. एकटी राहू शकते की नाही. तू म्हणशील ते फायनल."

म्हणजे आईचं घर राहणार की जाणार, हे माझ्या अहवालावर आलं. दुसरी कोणी असती तर आईजवळ चार दिवस राहिली असती, चहा प्यायली असती, पाहिलं असतं. मी संविधान तक्ता केला. प्रश्नपत्रिका काढण्याआधी कोणत्या पायरीवर किती गुणांचे प्रश्न, हे चौकटींत मांडायचं असतं, तो हा तक्ता. वर आईचं नाव, खाली सहा पायऱ्या, उजवीकडे शेऱ्यासाठी जागा. नवऱ्याने वाचून परत दिला. म्हणाला, "उत्तीर्ण झाल्या तर गुणपत्रिका देणार का?"

मे महिन्यात राजापेठेहून बस धरली आणि मूर्तिजापूरमार्गे अकोल्याला उतरले. त्या दिवसांत अकोल्याला उतरणं म्हणजे तापल्या तव्यावर उतरणं. स्टँडवर प्रत्येक माणूस डोक्या-तोंडाला दुपट्टा गुंडाळून फक्त डोळे उघडे ठेवून चालत होता. आईने दार उघडलं आणि म्हणाली, "आली काय? बरं झालं. माठातलं पाणी पे आंधी."

दुसऱ्या दिवशी सकाळी परीक्षा सुरू केली. ती परीक्षा आहे हे अर्थात सांगितलं नव्हतं. मी सहज विचारल्यासारखं करत होते.

"आई, काल रात्री आपण काय जेवलो?"

"जे होतं ते."

"पण काय होतं?"

"तूच त आणलं होतं डब्यात. तुले आठवत नाई काय?"

शून्य द्यावं की अर्धा, यावर मी बराच विचार केला. अर्धा दिला.

"आणि आज वार कोणता?"

"तू आली म्हंजे शनिवार असंन."

सोमवार होता. आई माझ्याकडे निरखून पाहत होती. म्हणाली, "तू शुद्ध बोलून राहिली वं. म्हंजे कायतरी गडबड हाये."

हे खरं आहे. आईशी मी एरवी आमच्या वऱ्हाडीतच बोलते, पण हातात पेन आला की माझी भाषा आपोआप व्यासपीठावर चढते. मी घाईने म्हटलं, "नाई वं, सहजच." आणि आकलनाकडे वळले.

आकलनासाठी पेपरातली बातमी वाचून दाखवली. नळाचं पाणी आता आणखी उशिराने सुटणार, अशी होती. "आता ही बातमी तुझ्या शब्दांत सांग."

आई उठली आणि आत गेली. आतून भांड्यांचा आवाज यायला लागला. हंडा, कळशी, बादली, मग पातेली. जे जे भरता येईल ते ती भरत होती. मी तक्त्यात लिहिलं: स्वतःच्या शब्दांत सांगितलं नाही. मध्येच उठून गेली.

मी हे लिहिलं आहे. माझ्याच अक्षरात आहे.

उपयोजनाला व्हिडिओ कॉल होता. भावाने दिलेला मोबाइल तिच्या हातात दिला, एकदा दाखवलं, आता तू लाव म्हटलं. तिने तो कानाला लावला. पडद्यावर नातवंडांना आजीचा कान दिसत राहिला. इथे मात्र ती खरंच नापास झाली. तिलाही त्याचं काही वाटलं नाही. "तू हाये ना लावून द्याले," म्हणाली.

विश्लेषणाचा प्रश्न मी मुद्दाम कामाचा ठेवला होता. "पुण्याचं घर आणि हे घर, यांत काय फरक आहे?"

आई दोनदा भावाकडे राहून आलेली. तो अकराव्या मजल्यावर राहतो. ती थोडा वेळ कढीपत्त्याकडे पाहत बसली.

"तिथं खिडकीतून माणसाचं डोकं दिसते. तोंड नाई दिसत. आता डोक्यावरून माणूस कसा ओळखाव?"

शेरा: विषयांतर. भावनिक प्रतिसाद.

वरच्या दोन पायऱ्या मी घेतल्याच नाहीत. जिची पहिली पायरी पक्की नाही, तिला निर्मिती कशाला विचारायची? तेवढा वेळ वाचला म्हणून उलट बरं वाटलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी पुढच्या खोलीत अंथरुणाच्या घड्या घालत होते. गल्लीत भाजीवाला आला. तिशीचा माणूस, गाडीवर भोंगा लावलेला, पण त्या दिवशी भोंग्यापेक्षा मोठ्याने तोच ओरडला, "आजी, टोपी! आजी, टोपी!" मागून वहिनींच्या खिडकीतूनही हसण्याचा आवाज आला.

बाहेर येऊन पाहते तर आई अंगणातून गर्रकन वळून आत चाललेली. डोक्यावर वडिलांची लोकरीची कानटोपी. तपकिरी, कानांवर ओढलेली, हनुवटीखाली बंद लावलेला. मे महिना, अकोला, आणि लोकर. मी घाबरले. आणि घाबरले की मी ओरडते.

"लाज नाही वाटत? तुमच्या आजीच्या वयाची बाई आहे ती!"

"मॅडम, ते तसं नाई—"

"मला शिकवू नका. वडीलधाऱ्या माणसाची टिंगल करता? गल्लीत पाऊल टाकायचं नाही उद्यापासून."

"पण मॅडम, आजीनंच—"

"गाडी काढा!"

तो गेला. जाताना गाडीवरच्या कोथिंबिरीची एक जुडी आमच्या भिंतीवर ठेवून गेला, ती आईने सांगितलेली असावी. मी आत आले तेव्हा आई डाळ घोटत होती आणि टोपी खिळ्याला टांगलेली होती. मी काही विचारलं नाही. गोंधळलेल्या माणसाला त्याच्या विचित्र वागण्याबद्दल थेट विचारू नये, असं मी कुठेतरी वाचलं होतं. जे वाचलेलं असतं ते मी फार काटेकोरपणे पाळते.

दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा पाहिलं, या वेळी दारातून. आई ओट्याशी भाकरी थापत होती. डोक्यावर टोपी, कपाळावरून घामाच्या धारा, धारा नाकाच्या शेंड्यावरून गळतायत, आणि ती मनगटाने पुसत भाकरी उलटतेय. मी मागच्या पावली अंगणात आले आणि भावाला फोन लावला.

"ने तिला," मी म्हटलं. "माझ्या अंदाजापेक्षा पुढे गेलंय."

तो म्हणाला, "शनिवारी येतो. तू सामानाचं पाहशील?"

सामानाचं पाहशील, हे मला सांगावं लागत नाही.

आईला मीच सांगितलं. वाटलं होतं, भांडेल. तिने पदराच्या टोकाने हात पुसले आणि म्हणाली, "बरं." मग बऱ्याच वेळाने, कढीपत्त्याला पाणी घालता घालता, "तिथं भाजीवाला येते काय?"

"मोबाइलवर मागवतात. घरी आणून देतात."

"मोबाइलवर वांगं दाबून पायता येते काय?"

मी नाही म्हटलं. ती पुन्हा "बरं" म्हणाली. आई भांडत नाही हे मी तक्त्यात कुठे लिहू ते मला सुचेना, म्हणून लिहिलं नाही. पण ते दुसरं "बरं" मला दिवसभर ऐकू येत राहिलं.

दुपारी मी जाहीर केलं की आता गॅसला फक्त मी हात लावणार. आई पलंगावर जाऊन बसली. मी चहासाठी दूध ठेवलं, आणि दूध तापेपर्यंतचा वेळ वाया का घालवायचा म्हणून पुढच्या खोलीत येऊन सामानाची यादी सुरू केली. आईची लुगडी, सुती वेगळी आणि बाकीची वेगळी. गोळ्या, सकाळच्या आणि रात्रीच्या. चष्मे, वाचायचा आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मिळालेला काळा. वडिलांचा फोटो, फुटू नये म्हणून कशात गुंडाळायचा. यादी फार छान होत होती. उपशीर्षकं पडायला लागली होती.

आधी वहिनींची हाक आली, "काकू, वास येऊन राहिला वं!" मग आई माझ्यासमोरून धावत आत गेलेली दिसली. इतकी जोरात धावताना मी तिला कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. मग मला वास आला.

मी पोचले तेव्हा गॅस बंद झाला होता आणि पातेल्यातून काळा धूर निघत होता. होळीनंतरचं तेच पातेलं. घासून घासून नुकतंच पांढरं झालेलं.

आईने पातेल्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. खिळ्यावरची टोपी काढली आणि माझ्या डोक्यावर, केसांच्या क्लिपेसकट, कानांच्या खालपर्यंत ओढली.

"गॅस पेटवला का हे घालाची. बंद केला का काढाची. असा नियम हाये या घरात."

"काय?"

"बयाडी हाये काय? गॅस चालू, टोपी चालू. गॅस बंद, टोपी बंद."

लोकर कपाळाला चावत होती. मानेवर घाम फुटायला लागला. मला एकदम कळायला लागलं, आणि कळावंसं वाटेना.

"तू त्याच्यासाठी घालतेस?"

"मंग काय फॅशन म्हून घालतो?" आमच्याकडे बायकाही करतो, घालतोच म्हणतात, करते आणि घालते मी शाळेत शिकले. "दूध जळलं ना, तवापासून. आंधी पदराले गाठ मारली. मंग गाठ कायची मारली तेच आठवे ना. मंग वहिनीच्या पोरीकून मोबाइलात घंटी लावून घेतली. घंटी वाजली का मले वाटे फोन आला. हॅलो हॅलो करत बसो. मंग दुपट्टा बांधला. पण दुपट्टा त उन्हाळ्यात सारेच बांधतात, डोक्यावर हाये हेच समजत नाई. मंग तुया बाबाची टोपी सापडली." तिने माझ्या डोक्यावरची टोपी आणखी खाली ओढली. "चावते का नाई?"

"चावते."

"चावालेच पायजे. डोकं म्हणते, काढ माय लवकर. अन् काढाची असंन त आंधी गॅस बंद करा लागते."

वहिनी खिडकीत आल्या होत्या. म्हणाल्या, "ताई, काकूनं आमाले साऱ्याईले सांगून ठेवलं हाये. टोपी घालून अंगणात दिसली का आवाज द्याचा. भाजीवाल्याले बी सांगतलं, दूधवाल्याले बी. त्या दिवशी तो आवाजच त देत होता. तुमी त्याले पळवून लावलं."

"मला कोणी सांगितलं का नाही?"

वहिनी पदर तोंडाला लावून आत गेल्या. आई म्हणाली, "तू इचारलं काय? तू त वार इचारत होती."

मी ओट्याला टेकून उभी होते, डोक्यावर माझ्या बापाची कानटोपी. सहा पायऱ्यांचा तक्ता पुढच्या खोलीत पंख्याखाली फडफडत होता. मी मनातल्या मनात तो भरला, या वेळी वरून खाली. गाठ, घंटी, दुपट्टा यांची पारख करून ते तिने टाकून दिले होते. प्रत्येकात काय चुकलं ते तिने वेगळं काढलं होतं. जी जगात कुठे नव्हती अशी पद्धत तिने काढली होती आणि सगळ्या गल्लीला शिकवली होती. माझी प्रशिक्षणं गल्लीच्या पलीकडेही पोचत नाहीत. फक्त तळाची पायरी तिला नव्हती. आणि मी बाई, जिना खालूनच चढायचा असतो म्हणून तळाशी उभी राहून घर रिकामं आहे असा अहवाल देऊन मोकळी झाले होते.

भावाला फोन केला. सगळं सांगितलं. तो आधी हसला, मग म्हणाला, "तरी येतो. तिकीट काढलंय."

भाजीवाल्याकडे दुसऱ्या दिवशी गेले. माफी मागायची हे यादीत सर्वांत वर होतं. तो वांगी रचत होता. म्हणाला, "तेच त सांगत होतो मॅडम. पण तुमी भल्ल्या फास्ट बोलता." मग दोन पावशेर वांगी जास्त घातली. आईने घरी त्यातली अर्धी नापास केली.

शनिवारी भाऊ आला. आईने त्याला बसू दिलं, पाणी दिलं आणि चहा करायला लावला. नियम सगळ्यांना सारखा. कॉम्प्युटरवर परदेशातल्या लोकांशी बोलणारा माझा भाऊ मे महिन्यात लोकरीची टोपी घालून आलं किसत उभा राहिला. चार्जर घ्यायला म्हणून तो तसाच अंगणातून गेला, तेव्हा वहिनी आणि दूधवाला दोघे एकदम ओरडले, "दादा, टोपी!" तो उडी मारून आत पळाला. चहा बरा झाला होता.

चहा पिऊन झाल्यावर तो मुद्द्यावर आला. टोपी ठीक आहे आई, पण पुढे काय? विसरणं काही थांबणार नाही. त्याचं चूक नव्हतं. मी नुकतीच तोंडावर पडलेली असल्यामुळे गप्प होते. तो आईच्या भल्यासाठीच भांडत होता, आणि त्याच्या आवाजात मला माझा होळीपासूनचा आवाज ऐकू येत होता.

आई खालमानेने ऐकत होती. मग म्हणाली, "मले समजत नाई काय, मी इसरून राहिली ते? तुमच्या आंधी मले समजलं." तिने रिकामी कपबशी बाजूला ठेवली. "एक काम करा. टोपी कायले घातली हे ज्या दिवशी मी इसरीन ना, त्या दिवशी न्या. मी नाई म्हणनार नाई. पण त्याच्या आंधी नाई."

भावाने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. परीक्षेचा असा चोख प्रश्न मला आजवर काढता आलेला नाही. उत्तर एका वाक्याचं, आणि त्यावर सगळं अवलंबून.

भाऊ एकटाच परत गेला. मी दर दोन शनिवारांनी अकोल्याला जायला लागले. वार विचारणं बंद केलं, जेवण विचारणं बंद केलं. आई ओट्याशी टोपीत दिसली की तेवढा एकच प्रश्न विचारायचा, "टोपी कायले घातली वं?" आणि ती म्हणायची, "गॅस चालू हाये." कधी नुसतंच गॅसकडे बोट दाखवायची. कधी कंटाळून, "तुयासाठी घातली, जाय." बाकी विसरणं वाढत होतं. एकदा तिने मला मावशीच्या नावाने हाक मारली आणि दुपारपर्यंत तशीच बोलत राहिली. मीही मावशी होऊन उत्तरं दिली. पण टोपीचं उत्तर पक्कं होतं.

प्रशिक्षणंही चालू होती. पहिल्या पायरीचं ते वाक्य तोंडाशी आलं की मी पाणी पिते. व्यासपीठावर चढून दाखवणंही सोडलंय. पायाचं दुखणं हे कारण सांगते.

डिसेंबरात एका शनिवारी बस मूर्तिजापूरला खोळंबली आणि मी उशिरा पोचले. गल्लीत ऊन पडलं होतं, पण हवेत चांगलाच गारठा होता. आई अंगणात पाटावर बसली होती. हात मांडीवर मोकळे. डोक्यावर टोपी, कानापर्यंत ओढलेली.

मी पिशवी दारात टाकून स्वयंपाकघरात धावले. गॅस बंद. ओटा गार. बाहेर येऊन तिच्यासमोर उभी राहिले.

"आई, टोपी कायले घातली वं?"

"थंडी वाजून राहिली."

या उत्तराची तयारी मी मे महिन्यापासून केली होती. मोबाइलमध्ये "पुढचं" या नावाची यादी होती: भावाला फोन, डॉक्टर, तिकीट, वहिनींना किल्ली, कढीपत्ता कोणाकडे. मी मोबाइल काढलाही नाही. पाटाशेजारी फरशीवर बसले. फरशी गार होती. आई उन्हाकडे तोंड करून डोळे मिटून बसली होती, अगदी समाधानात, आणि तिला काही सांगायची माझी छाती होईना.

"तोंड काहून उतरलं वं?" तिने एक डोळा उघडला.

"काई नाई."

"चहा पेशीन?"

मी हो म्हटलं. ती गुडघ्यावर हात ठेवून उठली आणि आत गेली. मी मागे गेले. ओट्याशेजारच्या खिळ्यावर, टोपीच्या जागी, मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा तो काळा चष्मा टांगलेला होता. आईने तो काढला, टोपीवरूनच कानांवर चढवला, आणि गॅस पेटवला. मग त्या दोन काळ्या काचा माझ्याकडे वळल्या.

"हिवाळ्यात टोपी कोणाले चावते? एवढं बी समजत नाई काय?"

हिवाळ्याचा विचार माझ्या एकाही यादीत नव्हता.

मला हसू आलं की रडू ते तिला काळ्या चष्म्यातून दिसलं नसावं. तिने आधण ठेवलं आणि गवती चहा तोडायला अंगणात गेली. लगेच वहिनींची खिडकी उघडली.

"काकू, चष्मा!"

"हाये, हाये ध्यानात. लेक हाये अंदर, गॅसजवळ."

असं म्हणून ती कुंडीवर वाकली. मग तशीच थांबली. गवती चहा न तोडताच वळली, भराभर आत आली, मला कोपराने बाजूला सारलं आणि गॅस बंद केला.

"तुया काई भरोसा नाई," ती म्हणाली, आणि चष्मा काढून पुन्हा अंगणात गेली.